एकवीस दिवस आणि त्यानंतर

"सर, आता ह्यांचं काय करायचं?"

२०२४ च्या एप्रिल महिन्यात, उन्हाळी सुट्टी तोंडावर आलेली असताना, चौथीतल्या एका मुलीने आम्हाला हा प्रश्न विचारला. 'ह्यांचं' म्हणजे वर्गामागच्या पडवीत जाळीआड फिरणाऱ्या सात पक्ष्यांचं. पाच कोंबडे आणि दोन तलंगा. जानेवारीत याच वर्गात, थर्माकोलच्या एका खोक्यात, तीस मुलांच्या डोळ्यांदेखत ती अंड्यातून बाहेर आली होती. प्रत्येकाला नाव होते. एकाचे धोनी, एकाचे बाजी, एका लालसर तलंगीचे पैठणी.

आम्ही उत्तर शोधत असतानाच मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "कापायचं, दुसरं काय!" आणि सगळा वर्ग मान वळवून एका मुलाकडे पाहू लागला. तो गावच्या मुलाण्याचा नातू. त्याने कधी सुरी हातात धरलेली नाही. उलट पिल्लांचे पाणी रोज सकाळी बदलायचे काम त्याने हट्टाने मागून घेतले होते. पण त्या क्षणी वर्गाला त्याचे आडनाव तेवढे आठवले. पोराने मान खाली घातली. आम्ही "नंतर बघू" म्हणालो आणि गणिताचे पुस्तक उघडले.

त्या 'नंतर बघू'चा हिशेब अजून चुकता झालेला नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगायला हवे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. जे अंडे खात नाहीत त्यांना केळे. (२०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा सरकारी निधी थांबला, ती गोष्ट निराळी.) अंडी आली आणि लगेच प्रश्न आले. यात पिल्लू होतं का? मग आपण पिल्लू खाल्लं का? माळकरी घरातल्या एका मुलाने तर शेजाऱ्याच्या ताटातल्या अंड्याला कान लावून पाहिला. आम्ही समजावून सांगितले की दुकानातले अंडे कोंबड्याशिवाय घातलेले असते, ते कितीही उबवले तरी त्यातून काही निघणार नाही. पोरांना ते पटले नाही. तेव्हा आम्हाला हुरूप आला की यांना प्रत्यक्षच दाखवू या.

गावातल्या एका घरून, जिथे कोंबडा कोंबड्यांत मोकळा हिंडतो, तिथून चोवीस गावरान अंडी आणली. खोक्यात चाळीस वॅटचा बल्ब, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी आणि थर्मामीटर. साडेसदतीस अंश सेल्सियस. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढला, म्हणजे दिवसातून तीन वेळा उलटताना कुठले राहिले ते कळावे. रविवारी कोण उलटणार यावरून पहिले भांडण झाले. आम्ही ते पोरांचे कौतुकाचे भांडण समजलो. खरे तर तीच पहिली सूचना होती: जीव शाळेचे वेळापत्रक पाळत नाही. बाराव्या दिवशी पाच तास वीज गेली, तेव्हा आम्ही ते खोके घरच्या गोधडीत गुंडाळून बसलो होतो आणि दर अर्ध्या तासाने आत हात घालून बघत होतो.

सातव्या संध्याकाळी खोली अंधारी करून अंड्यामागे बॅटरी धरली. पाच अंडी नुसती पिवळी, रिकामी दिसली, ती वांझ. बाकी एकोणीस अंड्यांत मात्र तांबड्या रेषांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी पसरले होते आणि मधला ठिपका हलत होता. वर्गात इतकी शांतता आम्ही परीक्षेतही कधी अनुभवलेली नाही. कुरआनमध्ये अल्लाह मृतातून सजीव आणि सजीवातून मृत बाहेर काढतो असा आशय पुन्हा पुन्हा येतो, आणि जुने मुफस्सिर त्याचा एक दाखला म्हणून अंडे आणि पिल्लूच देतात. लहानपणी मकतबमध्ये आम्ही हे घोकले होते. अर्थ लागला तो त्या बॅटरीच्या उजेडात.

इथे आमच्या दादीची आठवण येणे साहजिक आहे. तिच्याकडे थर्मामीटर नव्हता. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंगावरची पिसे फुलवून, गुरगुरत एका जागी बसू लागली की दादी टोपलीत भुसा घालून तिच्याखाली अंडी ठेवी. आभाळ गडगडले तर अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत एक लोखंडाचा तुकडाही असे. शेवटच्या दिवसांत ती अंडी एकेक करून कोमट पाण्यात सोडी. जिवंत अंडे पाण्यावर थरथरते. आम्ही भावंडे परातीभोवती बसून ती थरथर बघत असू. पिल्लू बाहेर येण्याआधी एकदोन दिवस आतून चिवचिवते आणि कोंबडी वरून हलक्या आवाजात त्याला जबाब देते. आमच्या खोक्यातल्या पिल्लांनीही आतून आवाज दिला. बल्ब काही बोलला नाही.

पण यंत्राने उबवणे ही फार नवी किंवा फार साहेबी गोष्ट आहे, असे समजायचे कारण नाही. बगदादचे हकीम अब्दुल लतीफ अल-बगदादी सन १२०० च्या सुमारास मिसरमध्ये होते. तिथल्या अंडी उबवण्याच्या भट्ट्यांचे त्यांनी बारीकसारीक वर्णन लिहून ठेवले आहे. शेणाच्या आचेवर, मातीच्या खोल्यांत, अंडी हजारोंच्या संख्येने उबवली जात. त्या देशात पिल्ले कोंबडीखाली उबवलेली क्वचितच दिसतात, असेही त्यांनी नोंदवले आहे. मिसरचे भट्टीवाले अगदी अलीकडेपर्यंत अंडे पापणीला लावून त्याची ऊब ठीक आहे की नाही ते सांगत. म्हणजे आईवेगळी पिल्ले काढण्याचा हुन्नर आपल्या तहजीबला हजार वर्षांपासून ठाऊक आहे. आईची जागा माणसाने घेतली. तिथून पुढे तिची जबाबदारीही त्याने घेतली का, हे विचारायचे मात्र राहून गेले.

एकविसाव्या दिवशी अकरा पिल्ले बाहेर आली. चोचीच्या टोकावर एक पांढरा कडक कण असतो, त्याने पिल्लू कवचाला भोक पाडते, मग तासन्‌तास थांबते, मग आतल्या आत फिरत कडेने कवच कापत जाते. ओले, थकलेले, कुरूप असे ते बाहेर पडते आणि दोन तासांत पिवळ्या लोकरीचा गोळा होते. मुले घरी जायला तयार नव्हती. कुणाचे आईबाप बोलवायला आले तेही थांबून राहिले.

बारावे पिल्लू अडकले. भोक पाडून चौदा तास झाले तरी पुढे सरकेना. एका मुलीने, पुढे एप्रिलमध्ये प्रश्न विचारला तिनेच, कवच सोलायला हात घातला. आम्ही तिला अडवले. घाईने सोलले तर आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या तुटतात, पोटाबाहेरचा बलक आत ओढून घेणे अपुरे राहते, पिल्लू मरते, असे आम्ही वाचलेले होते आणि ते बरोबरही आहे. सकाळी येऊन पाहिले तर ते भोकातून चोच बाहेर काढून मेलेले होते. मुलगी म्हणाली, "उबवलं तुम्हीच ना सर? मग बाहेर का नाही काढलं?" आम्ही म्हणालो, निसर्गाचा नियम आहे बाळ. ती काही बोलली नाही. पण हे उत्तर खोटे होते, हे आम्हाला तेव्हाच कळले. चाळीस वॅटच्या बल्बखाली निसर्ग कुठून आला? कोंबडीने उबवले असते आणि एक मेले असते तर ती अल्लाहची मर्जी म्हणून आम्ही खांदे उडवले असते. इथे अंडे आम्ही मागून आणले, ऊब आम्ही दिली आणि अडचण आली तेव्हा निसर्गाच्या मागे लपलो.

उरलेल्या अकरांची गोष्ट थोडक्यात सांगतो. एकाचा पाय जन्मापासून वाकडा होता, ते चौथ्या दिवशी गेले. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करायची असते. जानेवारीच्या थंडीत त्यासाठी बल्ब रात्रभर जळत ठेवावा लागला. पिल्ले मुलांच्या चपलांमागे ओळीने धावत, कारण डोळे उघडल्यावर त्यांना आई म्हणून चपलाच दिसल्या होत्या. एक मांजराने नेले. मानमोडीची लस पहिल्याच आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून द्यायची असते, पण तिची कुपी शेकडो पक्ष्यांची येते आणि अकरा पिल्लांसाठी ती कोण फोडणार? दुसऱ्या एकाच्या कळपाबरोबर उशिराने देऊन घेतली. तोवर दोन पिल्लांच्या माना वळल्या आणि ती गेली. सात राहिली. एप्रिलमध्ये पाच कोंबडे वर्ग चालू असताना आरवू लागले आणि एकमेकांची डोकी फोडू लागले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही म्हणतात. आमच्या बाबतीत कोंबडेच झाकून ठेवता येत नव्हते.

निम्मी अंडी नरांची असतात, हे आम्हाला डिसेंबरमध्ये ठाऊक नव्हते का? होते. पण विज्ञानाच्या प्रयोगात आम्ही फक्त एकवीस दिवस धरले होते. बाविसाव्या दिवसाचे पान आमच्या वहीत नव्हते.

परदेशांत हा प्रकार मोठा आहे. काही देशांत कंपन्या शाळांना अंडी आणि यंत्र भाड्याने देतात आणि दहा-बारा दिवसांनी पिल्ले परत घेऊन जातात. पुढे त्यांचे काय होते ते मुलांना सांगितले जात नाही. इंग्लंडमधल्या प्राणिदया संस्थांनी याच कारणाने अशा प्रयोगांना विरोध केला आहे. आपण हसू नये. आपल्याकडे जत्रेत आणि बाजारात गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगात बुडवलेली पिल्ले टोपलीत घेऊन माणूस बसलेला असतो. ईदीच्या पैशांतून आम्हीही ती घेतली आहेत. तीन दिवसांत पिल्लू मरते, मूल रडते, आई म्हणते "दुसरे आणू". ती पिल्ले बहुधा अंडी देणाऱ्या जातीचे नर असतात. अंडी ती देणार नाहीत, आणि मांसाच्या जातीसारखी सहा आठवड्यांत दोन किलो भरणार नाहीत, म्हणून उबवणी केंद्राच्या लेखी ती निरुपयोगी. जगभर अशी पिल्ले जन्माच्या पहिल्याच दिवशी वायूने किंवा यंत्रात घालून मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून यावर कायद्याने बंदी घातली, पाठोपाठ फ्रान्सनेही. पोषण आहाराच्या ताटातल्या त्या निष्पाप, कोंबड्याशिवायच्या अंड्यामागेही एक भाऊ असतो. हे आम्ही चौथीच्या वर्गाला सांगितलेले नाही. सांगावे की नाही, हेही ठरलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्यातले काही वाचक म्हणतील, एवढे काय त्यात? कोंबडी हलाल आहे. हजरत अबू मूसा अल-अशअरी (रजि.) यांच्यापुढे कोंबडीचे जेवण आले, तेव्हा एक माणूस मागे सरला. त्याने कोंबडीला घाण खाताना पाहिले होते. तेव्हा प्रेषितांना (स.) कोंबडी खाताना आपण पाहिले आहे, असे अबू मूसा यांनी त्याला सांगितले. ही हदीस प्रसिद्ध आहे. आम्हालाही त्याबद्दल शंका नाही. आम्ही कोंबडी खातो आणि ईदला अधिकच खातो. परंतु हलाल हा शब्द आपण हल्ली दुकानाच्या पाटीवर पाहतो आणि तिथेच तो संपतो, असे आम्हाला वाटू लागले आहे.

त्या मागे सरलेल्या माणसाचीच गोष्ट घ्या. घाण खाणाऱ्या जनावराला फिकहमध्ये जल्लाला म्हणतात. ते खायचे तर आधी काही दिवस बांधून स्वच्छ दाणा घालावा, कोंबडीसाठी तीन दिवस, असे सांगितले आहे. आमच्या दादीला जल्लाला हा शब्द माहीत असण्याची शक्यता कमी. पण पाहुणे यायचे असले की ती तीन दिवस आधी कोंबडी निवडून डालग्याखाली डाली, तिला कणी आणि स्वच्छ पाणी देई. आम्हा मुलांना ते तीन दिवस आठवतात. डालग्याच्या फटींतून ती बघत असे आणि आम्हाला ठाऊक असे की रविवारी ही नाही. मारण्याआधी तीन दिवस एखाद्या जिवाची सेवा करायची आणि तेही आपण काय करणार आहोत हे मनात ठेवून, ही गोष्ट सोपी नाही. ब्रॉयलरच्या दुकानात पाच मिनिटे लागतात. मागे पिंजरा, पुढे वजनकाटा, मध्ये पडदा.

प्रेषितांच्या (स.) शिकवणीत या बाबतीत जे आहे ते सगळे त्या पडद्याआडचे आहे. सुरी धारदार असावी, जनावराला आराम द्यावा. एकाने जनावर आडवे पाडून त्याच्यासमोर सुरीला धार लावायला घेतली, तेव्हा त्याला दोनदा मारायचे आहे का, अशा अर्थाने प्रेषितांनी (स.) त्याला फटकारले. प्रवासात सहाबांनी एका पाखराची पिल्ले उचलली आणि ते पाखरू वर घिरट्या घालू लागले. याला पिल्लांवरून कुणी दुखावले, असे विचारून त्यांनी ती परत ठेवायला लावली. विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहकडे दाद मागेल, असेही सांगितले आहे. आणि सूरह अल-अनआममध्ये तर जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. उम्मत हा शब्द आपण इतरत्र किती जपून वापरतो!

या सगळ्याचा आम्हाला लागलेला अर्थ असा. जीव घेण्याची इजाजत आपली नाही, ती मागावी लागते. बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर हे ती मागण्याचे शब्द आहेत. म्हणून ते त्या क्षणी, त्या जनावराजवळ उभे राहून, जिवंत माणसाने म्हणायचे असतात. यंत्राने कापताना तकबीर टेपवर लावली तर चालेल का, यावर उलेमांमध्ये चर्चा झाली. ती काहींना फालतू वाटते. आम्हाला वाटत नाही. प्रश्न एवढाच आहे की तिथे कुणी हजर होते का.

आणि मग मुलाणी आठवतो. आपल्या महाराष्ट्रात गावगाड्याने हे हजर राहणे एका घराला वाटून दिले होते. मुलाणी कुठे बारा बलुत्यांत धरला जाई, कुठे अलुत्यांत. देवाच्या जत्रेतले बकरेही त्याच्या हातून कापले जात. हिंदू घरेसुद्धा त्याने कलमा पढून कापल्याशिवाय मटण खात नसत, असे जुनी माणसे सांगतात. आपण हे सलोख्याचे उदाहरण म्हणून भाषणांत सांगतो, आम्हीही सांगितले आहे. ते खोटे नाही. पण त्याची दुसरी बाजू वर्गातल्या त्या तीस नजरांनी आम्हाला दाखवली. गाव जेवले आणि सुरी एकाच्या हातात राहिली. खाणाऱ्याने नाव ठेवले ते कापणाऱ्याला. आज 'कापणारे' हा शब्द कुणाला उद्देशून आणि कुठल्या सुरात म्हटला जातो, ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. आणि आपण शिकलेले मुसलमान तरी वेगळे काय करतो? नोकरीला लागलो तसे आम्हीही मुलाणी चाचांकडे कोंबडी देऊन टाकू लागलो, "साफ करून पाठवा" म्हणून. चाळीस वर्षे मांस खाऊन आमच्या हाताने एकही जबीहा झालेला नव्हता.

अबुल अला अल-मअर्री हा अकराव्या शतकातला शामचा अंध कवी. त्याने मांसच नव्हे तर अंडी, दूध आणि मधसुद्धा सोडले होते. सांगतात की आजारपणात हकिमाने त्याला कोंबडीचे पिल्लू लिहून दिले. ते पुढ्यात आले तेव्हा त्याने हाताने चाचपून पाहिले आणि म्हणाला की तू दुबळा म्हणून त्यांनी तुला लिहून दिले, सिंहाचा छावा का नाही लिहून दिला? मअर्रीचा मार्ग आमचा नाही. उलेमांनी त्याच्यावर पुष्कळ टीका केली आहे आणि हलाल वस्तू स्वतःवर हराम करून घेऊ नये, हे आम्हीही मानतो. पण त्याच्या त्या एका प्रश्नाला टीकाकारांनी उत्तर दिलेले आमच्या वाचनात नाही. दुबळ्यावर मरण्याचे काम येते, आणि मारण्याचेही.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला, तेव्हा पांढऱ्या पोशाखातली माणसे लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरत होती. २०२१ मध्ये तिथे पुन्हा तेच झाले. आजाराच्या भीतीपुढे इलाज नव्हता, ते करणे भागच होते. पण त्या परिघात आदिवासींच्या दारातल्या चार-चार कोंबड्याही गेल्या, ज्यांना त्यांनी हाताने वाढवले होते. एकाच खड्ड्यात दोन तऱ्हेचे पक्षी गेले. काही असे, ज्यांना जन्मापासून मरणापर्यंत कुणी ओळखतच नव्हते. काही असे, ज्यांच्यासाठी घरातली बाई रडली. आमच्या वर्गातले पक्षी दुसऱ्या तऱ्हेचे होते. म्हणून तर अडचण झाली.

शाळेत बैठक झाली. एकाने कोंबडे आठवडी बाजारात विकून मुलांना वह्या घेऊ या म्हटले. एकाने पार्टीच करू या म्हटले, त्यावर माळकरी पालक उठून गेले आणि ते बरोबरच होते. एका पालकाने सुचवले की मुलांना सांगा, जंगलात सोडले. आम्ही त्याला नकार दिला. जंगलात गावरान कोंबडा एक रात्र काढत नाही, आणि मुलांना हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. एका चिमुरड्याने विचारले की बकरी ईदला यांची कुर्बानी देणार का. त्याला सांगितले की कुर्बानी बकऱ्यासारख्या ठरावीक जनावरांचीच होते, कोंबड्याची नाही. तो म्हणाला, "मग वाचले!" सगळे हसले. आम्हालाही हसू आले, पण ते टिकले नाही.

अखेर दोन्ही तलंगा त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या घरी गेल्या. ज्यांच्याकडून अंडी आणली होती त्यांनी बाजीला कळपासाठी परत घेतले. चार कोंबडे आमच्या घरी आले. शेजाऱ्यांनी महिनाभर पहाटेचे आरवणे सोसले. कोंबड्याला शिव्या देऊ नये, तो नमाजला उठवतो, ही हदीस आम्ही त्यांना सांगितली. शेजारी चांगले आहेत, पण चार कोंबडे म्हणजे चार. आपसात झुंजून एकाचा डोळा गेला. मे अखेरीस आम्ही मुलाणी चाचांना बोलावले. ते पिशवी घेऊन आले. आम्ही म्हणालो, चाचा, आज आम्ही करतो, तुम्ही फक्त शिकवा. ते आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, हात कापला तर चालंल, पण मन कापू देऊ नका. अर्ध्यात थांबला तर त्याचे हाल व्हत्यात."

एकेक कोंबडा बाकीच्यांच्या नजरेआड, न्हाणीमागे नेला. पाणी पाजले. चाचांनी आमचा हात धरून श्वासनलिका आणि दोन्ही बाजूंच्या शिरा कुठे आहेत ते बोटाने दाखवले. पहिला धोनी होता. त्याच्या छातीचे ठोके तळहाताला लागत होते, आणि सातव्या संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात हललेला तो ठिपका आम्हाला आठवला. आम्ही मोठ्याने तकबीर म्हटली. एवढ्या वर्षांत ते शब्द आम्ही हजारो वेळा उच्चारले असतील. त्या दिवशी ते घशातून बाहेर काढावे लागले. चौथ्या कोंबड्यापर्यंत हात स्थिर झाला, आणि तो इतक्या लवकर स्थिर झाला याची भीती वाटली ती अजून आहे. चाचांना विचारले, तुम्हाला कधी असे होते का? ते सुरी धूत म्हणाले, "पन्नास वर्सं झाली. रोज पहिल्याला व्हतं."

त्या रात्री घरात जेवण झाले. आम्ही खाल्ले. धाकट्याने खाल्ले नाही, त्याला कुणी आग्रह केला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. वर्ग पाचवीत गेला होता. आम्ही त्यांना खरे ते सांगितले, कुणी केले तेही. दोन मुली रडल्या. माळकरी मुलगा म्हणाला की त्याची आजी म्हणते हे पाप आहे. आम्ही म्हणालो, आजीचे म्हणणे ऐकून ठेव, आमचेही ऐकून ठेव, मोठा झालास की दोन्हीचा विचार कर. मुलाण्याचा नातू काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत एकटा आला आणि हळूच विचारले, "सर, सुरी तेज होती ना?" होती म्हटले. "आजोबा रोज रात्री लावतात," तो म्हणाला आणि खेळायला पळाला.

यंदाच्या चौथीने पुन्हा मागणी केली आहे. थर्माकोलचे खोके कपाटावर तसेच ठेवले आहे. या वेळी एका मुलाच्या घरी खुडूक झालेली कोंबडी आहे, तिच्याखाली सहा अंडी ठेवायची आणि वर्गाने आळीपाळीने तिथे जाऊन बघायचे, असे ठरते आहे. त्याआधी आम्ही फळ्यावर एक तक्ता केला. सहा अंडी, सहा घरे. नर निघाला तर कोण ठेवणार, किती दिवस, आणि नंतर काय, असे तीन रकाने. चार घरांची नावे लिहून झाली आहेत. तिसरा रकाना चौघांचाही अजून कोरा आहे. तो भरेपर्यंत कोंबडीखाली अंडी ठेवायची नाहीत, असे मुलांना सांगितले आहे. कोंबडी खुडूक होऊन आज पाचवा दिवस आहे.